हळू सुरू होणारे जपानी आरपीजी: धीर धरायचा तर कुठवर, आणि त्या वेळात करायचं काय?

सांजवारा:

'ट्रेल्स इन द स्काय' या जपानी आरपीजीचा (पात्रांची भूमिका घेऊन खेळायचा कथाप्रधान खेळ) पहिला भाग चालू आहे. २०१४ साली स्टीमवर आलेली जुनी आवृत्ती. अजून रोलेंट गावातच आहे. गटारातली परीक्षा झाली, बुरुजावर पळून गेलेली पोरं परत आणली, शेताची नासधूस करणारे प्राणी पकडले, आता खाणीतून स्फटिक आणायचा आहे. कामं नीट लिहिलेली आहेत, बोलणी गोड आहेत, पण 'जगातली सर्वात मोठी कथा' असं ज्याचं वर्णन ऐकलं त्याचा मागमूस नाही.

हीच तक्रार फायनल फँटसी १३, झेनोब्लेड क्रॉनिकल्स २ आणि पर्सोना ५ रॉयलबद्दलही वाचली आहे. हे सगळे खेळ यादीत आहेत, म्हणून जाणकारांना तीन प्रश्न.

या संथपणाचं पुढे खरंच काही फळ मिळतं का, की लोकांना सवय होते आणि मग ते त्यालाच चांगलं म्हणू लागतात? प्रत्येक खेळात असा कुठला टप्पा आहे जिथे पोचूनही मन रमलं नाही तर खुशाल सोडून द्यावं? आणि सुरुवातीच्या तासांत नेमकं काय केलं तर पुढे उपयोग होतो?

कथा फोडू नका, एवढी विनंती.

लिबर्लचा पाहुणा:

ट्रेल्सपुरतं सविस्तर लिहितो.

आधी हे लक्षात घ्या की हा अर्धा खेळ आहे. निहोन फाल्कॉमने २००४ साली जपानमध्ये हा आणला तेव्हा मूळ बेत एकाच खेळाचा होता. पसारा वाढला म्हणून दोन भाग केले, दुसरा २००६ साली आला. त्यामुळे पहिल्या भागाचा बराचसा वेळ मांडणीत जातो. लिबर्ल राज्यातली पाच शहरं, प्रत्येकाचं ब्रेसर गिल्ड (लोकांची कामं करून देणाऱ्या ब्रेसर मंडळींची संघटना), सैन्य आणि गिल्डमधला ताण, दहा वर्षांपूर्वीच्या युद्धाच्या खुणा. रोलेंट हे त्यातलं पहिलं आणि सर्वात शांत शहर.

आता फळ कसं मिळतं ते. या खेळात गावातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाचं बोलणं कथेच्या प्रत्येक टप्प्यानंतर बदलतं. 'आमच्या गावात स्वागत आहे' म्हणत जन्मभर एका जागी उभी राहणारी माणसं इथे फारशी नाहीत. प्रोलॉगच्या, म्हणजे पहिल्या चॅप्टरआधीच्या रोलेंटमधल्या भागाच्या, शेवटी लिंड नावाच्या प्रवासी हवाई जहाजाची बातमी येते. तोवर गिल्डमधली आयना, शस्त्रांच्या दुकानातले एल्गर आणि स्टेला, महापौर क्लाउस यांच्याशी दोन-चार वेळा बोलणं झालेलं असेल तर ती बातमी कुणाच्या घरावर कशी पडते ते दिसतं. पुढे बोस या शहरात गेलात की तेच प्रकरण व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकू येतं: उड्डाणं बंद, माल अडकलेला, भाव चढलेले. मग सीमेवर जनरल मॉर्गन भेटतो, तो ब्रेसर मंडळींना दारात उभं करायला तयार नाही. एकच घटना तीन बाजूंनी कळते, आणि त्यातली पहिली बाजू म्हणजे तुम्हाला कंटाळवाणं वाटणारं रोलेंट. कथा सरळ धावत पूर्ण केली तर हा थर हाती लागतच नाही आणि खेळ खरोखर सपाट वाटतो.

म्हणून पद्धत अशी ठेवा. मुख्य कथेतलं एक पाऊल पूर्ण झालं, म्हणजे कुणाला जाऊन भेटलात, राक्षस मारलात किंवा गिल्डमध्ये अहवाल दिलात, की गावात एक फेरी मारा. सगळ्यांशी बोलायची गरज नाही. दुकानदार, गिल्ड, खानावळ आणि ज्यांचं काम तुम्ही केलंय ती माणसं, एवढं पुरे. दहा मिनिटं लागतात. याच फेऱ्यांमध्ये गिल्डच्या फलकावर न लागलेल्या कामगिऱ्या सापडतात. त्यांचे गुण ब्रेसर म्हणून तुमचा दर्जा ठरवताना धरले जातात, आणि दर्जा वाढला की गिल्डकडून वस्तू मिळतात. फलकावरच्या कामांना छोटी, मध्यम, लांब अशी मुदत लिहिलेली असते. छोटी मुदत दिसली की ते काम आधी उरका, कारण कथा पुढे सरकली की ते कायमचं जातं.

गावभर विखुरलेली 'कार्नेलिया' नावाची कादंबरीही अशा फेऱ्यांतच गोळा होते. तिचे ११ भाग आहेत. एखादा भाग ठरावीक माणसाकडे ठरावीक वेळीच मिळतो, आणि एक जरी हुकला तरी शेवटाकडे मिळणारं सर्वात ताकदवान शस्त्र हुकतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मात्र यादी उघडून ठेवायला हरकत नाही. तिच्यात कथा फुटत नाही.

ग्राइंडिंग (लेव्हल वाढवायला तेच तेच राक्षस मारत बसणं) अजिबात करू नका. तुमचा लेव्हल त्या भागातल्या राक्षसांच्या पुढे गेला की मिळणारा एक्सपी (अनुभवाचे गुण) झपाट्याने घटतो आणि नगण्य होतो. उलट मागे असाल तर दोन-चार लढायांत बरोबरीला येता. रस्त्यात तासन् तास लढत बसणारे लोक या खेळाला संथ म्हणतात, आणि ती संथगती त्यांनी स्वतः ओढवून घेतलेली असते.

सोडायचा टप्पा: पहिला चॅप्टर, म्हणजे बोसचं प्रकरण, पूर्ण करा. तिथवर ऑलिव्हिए हा सोबती आलेला असतो, चार जणांची तुकडी हाताळलेली असते, आणि एक गुंता बांधून सोडवून दाखवलेला असतो. तेही बेचव वाटलं तर पुढचे चॅप्टर याच घडणीचे आहेत. खुशाल सोडा.

बारावं_सेकंद:

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण सगळा संथपणा एकाच तागडीत तोलू नये. ट्रेल्स संथ आहे कारण तो माणसं दाखवतोय. फायनल फँटसी १३ (जपानमध्ये डिसेंबर २००९, बाहेर मार्च २०१०) संथ आहे कारण तो तुमच्या हातात काही द्यायला तयार नाही. पहिले दोन चॅप्टर म्हणजे जवळजवळ फक्त हल्ल्याचं बटण. तिसऱ्यात क्रिस्टॅरियम (पात्रांची ताकद वाढवायची यंत्रणा) आणि पॅराडाइम (तुकडीत कुणी कुठली भूमिका घ्यायची त्याची मांडणी) उघडतात, पण क्रिस्टॅरियमला प्रत्येक टप्प्यावर कुलूप असतं, तुकडी सतत फुटते, दोन-दोन जणांनी लढावं लागतं. १० व्या चॅप्टरमध्ये सगळ्यांना सहाही भूमिका खुल्या होतात आणि मोकळं मैदान थेट ११ व्यात. एकूण चॅप्टर १३. हे प्रमाण चुकलंय असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी खेळावा का? लढाई आवडत असेल तर नक्की. कारण मधल्या चॅप्टरमध्ये खेळ जे शिकवतो ते ११ व्यात एकदम लागतं, आणि जे फक्त ऑटो-बॅटल दाबत आले ते तिथे आपटतात.

मुख्य गोष्ट शत्रूच्या डोक्यावरची चेन, म्हणजे सलग मार बसला की चढणारी पट्टी. ती १०० टक्क्यांपासून सुरू होते. रॅव्हेजर (मंत्रांनी मारणारी भूमिका) ती भराभर चढवतो, पण एकट्या रॅव्हेजरने चढवलेली चेन तितक्याच वेगाने कोसळते. कमांडोचा (थेट हाणामारीची भूमिका) वार चेन फारशी चढवत नाही, तो तिचं घसरणं मंदावतो. म्हणून दोन रॅव्हेजरबरोबर एक कमांडो हवाच. तीन रॅव्हेजर लावायचे ते फक्त थोडा वेळ, चेन टिकलेली असताना शेवटचा धक्का द्यायला. ठरलेला आकडा गाठला की शत्रू स्टॅगर होतो आणि मग खरं नुकसान सुरू होतं. ३ ते ८ या चॅप्टरमध्ये दोघांच्या जोडीत खेळताना हे अगदी उघडं दिसतं: कमांडो-रॅव्हेजर जोडीतून कमांडोला बरे करायला लावलंत की पट्टी डोळ्यांदेखत रिकामी होते. ते बघून ठेवा.

दुसरी गोष्ट खेळ नीट सांगत नाही. पॅराडाइम बदलून साधारण १२ सेकंद झाली आणि पुन्हा बदललात की एटीबीची (वार करण्याआधी भरावी लागणारी) पट्टी पूर्ण भरून मिळते. म्हणून यादीत एकच पॅराडाइम दोनदा ठेवायचा, उदाहरणार्थ कमांडो-रॅव्हेजर-रॅव्हेजर दोन वेळा, आणि दोन फेऱ्या मारल्या की एकातून दुसऱ्यात जायचं. हल्ल्यांचा वेग चांगलाच वाढतो. लढाईतल्या पहिल्या बदलाला लांबलचक अ‍ॅनिमेशन आहे आणि तेवढ्यात शत्रू मारत राहतो, म्हणून पहिला बदल जीव धोक्यात असताना करू नका. नायक पडला की खेळ संपतो, बाकी दोघे धडधाकट असले तरी.

आणि सुरुवातीला सापडणारं अपग्रेडचं सामान उधळू नका. आधी सेंद्रिय वस्तू, म्हणजे हाडं, नखं, लोकर वगैरे घालून गुणक ३ पटीवर न्यायचा, मग यांत्रिक भाग घालायचे. गुणक न वाढवता यांत्रिक भाग घातले तर एक्सपीचा मोठा हिस्सा वाया. घाई नाही, ११ व्या चॅप्टरपर्यंत सामान साठवलं तरी चालतं.

सोडायचा टप्पा: ५ व्या चॅप्टरचा शेवट. तोवर स्टॅगरची गंमत कळली नसेल तर ११ व्याची वाट बघण्यात अर्थ नाही. मोकळं मैदान मिळालं तरी लढाई हीच राहणार आहे.

सांजवारा:

दोघांचे आभार, हेच हवं होतं. लिबर्लचा पाहुणा, एक शंका. ऑर्बमेंटमध्ये (पात्रांना मंत्र देणारं यंत्र) क्वार्ट्झ (त्याच्या खाचांत बसणारे खडे) बसवतोय, पण कधी नवी जादू मिळते, कधी असलेली गायब होते. मेनूत समजत नाही. आणि पैसे पुरत नाहीत म्हणून सेपिथ (राक्षसांकडून मिळणारे स्फटिकाचे तुकडे) विकतोय, ते बरोबर आहे ना?

लिबर्लचा पाहुणा:

सेपिथ विकणं आधी थांबवा. मग बाकीचं.

ऑर्बमेंटकडे पाहा: मधोमध एक खाच आणि तिच्यातून बाहेर जाणाऱ्या रेषा. प्रत्येक क्वार्ट्झला त्याचा नेहमीचा परिणाम असतोच (हल्ला वाढणे, वेग वाढणे), शिवाय त्यात तत्त्वांचे गुण असतात. माती, पाणी, आग, वारा आणि काळ, अवकाश, आभास अशी सात तत्त्वं. जादू मिळते ती एका रेषेवरच्या गुणांच्या बेरजेवर. समजा एखाद्या मंत्राला पाण्याचे २ आणि वाऱ्याचा १ गुण लागतो. पाण्याचा क्वार्ट्झ एका रेषेवर आणि वाऱ्याचा दुसऱ्या रेषेवर बसवलात तर बेरीज होत नाही आणि मंत्र मिळत नाही. तेच दोन्ही एका रेषेवर आणले की मिळतो. मधली खाच सगळ्या रेषांत धरली जाते, म्हणून सर्वात भारी क्वार्ट्झ तिथे ठेवा. तुमची जादू गायब होते कारण तुम्ही क्वार्ट्झ एका रेषेवरून दुसऱ्या रेषेवर हलवताय.

प्रत्येकाच्या रेषा वेगळ्या. ज्याची एकच लांब रेष आहे तो जादूगार. ज्याच्या रेषा तुटक, आखूड आहेत तो हाणामारीचा माणूस. काही खाचांना विशिष्ट तत्त्वाचं बंधन असतं, तिथे दुसरा क्वार्ट्झ बसत नाही.

खाचा उघडायला आणि नवे क्वार्ट्झ घडवायला, दोन्हीला सेपिथच लागतो. रोलेंटमध्ये विकलेला सेपिथ म्हणजे बोसमध्ये न उघडलेली खाच. एखाद्या रंगाचा ढीग साठला असेल तर त्यातला थोडा विका, बाकीला हात लावू नका. पैशाची चणचण गिल्डची कामं केली की आपोआप सुटते.

एकाला इन्फर्मेशन क्वार्ट्झ बसवून ठेवा म्हणजे राक्षसाचा जीव आणि त्याची कमजोर बाजू दिसते आणि वहीत नोंदही राहते.

लढाईचंही एक सांगतो, कारण प्रोलॉगमध्ये याची गरज पडत नाही आणि पुढे गरज पडते तेव्हा लोक गडबडतात. पडद्याच्या डावीकडे पाळीची पट्टी आहे. काही पाळ्यांवर चिन्हं असतात: क्रिटिकल (जबर वार), जीव भरणे, सीपी (क्राफ्ट म्हणजे पात्रांच्या खास वारांसाठी लागणारे गुण) भरणे. ती ज्याची पाळी येईल त्याला मिळतात, मग तो बॉस का असेना. समजा बॉसच्या पाळीवर क्रिटिकल आलंय. तो मारणार म्हणजे एखादा आडवा होणार. अशा वेळी ज्याच्याकडे १०० सीपी आहेत त्याचा एस-ब्रेक दाबा. तो रांग मोडून पुढे येतो, क्रिटिकल त्याचं होतं आणि बॉसची पाळी साधी राहते. एस-ब्रेक सगळा सीपी खातो. २०० साठला असेल तर वार जास्त लागतो, पण २०० ची वाट बघत बसल्याने लोक जास्त हरतात. चिन्ह बघून वापरा.

मातीच्या मंत्रांतला अर्थ गार्ड मिळाला की लगेच वापरायला शिका. एक वार पूर्ण झेलतो, कितीही मोठा असो. शत्रू मंत्र म्हणत असेल तर तो खंडित करणारे क्राफ्ट वापरा. क्राफ्ट ताबडतोब चालतात, मंत्राला वेळ लागतो, एवढा फरक डोक्यात पक्का बसला की निम्मी लढाई जिंकली.

टायटनची पाठ:

झेनोब्लेड २ (स्विच, डिसेंबर २०१७) बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. इथला संथपणा तिसऱ्या प्रकारचा आहे. लढाई दिसायला सुरुवातीपासून तीच असते, पण तिची यंत्रणा तुकड्या-तुकड्याने जोडली जाते, आणि अर्धी जोडलेली असताना ती फार वाईट चालते. गॉर्मोट या सुरुवातीच्या प्रदेशातल्या साध्या लढाया लांबतात तेव्हा खेळणाऱ्याला वाटतं की पूर्ण खेळ असाच जाणार.

कारण सरळ आहे. इथे लढणारं पात्र म्हणजे ड्रायव्हर आणि त्याला शस्त्र व तत्त्व देणारा सोबती म्हणजे ब्लेड. ब्लेड कॉम्बोला तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याला ठरावीक तत्त्व लागतं. पहिल्या टप्प्याला कुठलाही स्पेशल (ब्लेडचा मोठा वार) चालतो, दुसऱ्याला किमान दुसऱ्या पातळीचा, तिसऱ्याला तिसऱ्या पातळीचा. सुरुवातीला एकेका ड्रायव्हरकडे एकेकच ब्लेड, म्हणजे तत्त्वंच कमी. वाट पूर्ण होत नाही आणि नुसतं हाणत राहावं लागतं. ब्लेड वाढले की तेच शत्रू पाव वेळात पडतात.

तोवर हाताला ही सवय लावा. ऑटो-अटॅक तीन वारांचा असतो आणि तिसरा वार आर्ट (ड्रायव्हरचा खास वार) सर्वात जास्त भरतो. हललात की मोजणी पहिल्यापासून. म्हणून जागा एकदाच निवडा आणि उभ्या राहा. स्टिक सारखी हलवत राहणं ही नव्या लोकांची पहिली चूक. दुसरं, वार लागतो त्याच क्षणी आर्ट दाबा. निळी कडी चमकली तर जमलं, आणि स्पेशल जास्त भरतो. हे जमल्यावर अफिनिटी चार्टमध्ये (कौशल्यांचा तक्ता) लढाईच्या सुरुवातीलाच आर्ट भरलेलं देणारं कौशल्य आधी घ्या. सुरुवातीचा रटाळपणा निम्मा तिथेच जातो.

खेळाचा एक खरा दोष सांगते. एकदा दाखवलेलं ट्यूटोरियल मेनूतून पुन्हा वाचता येत नाही. शहरातल्या माहिती विकणाऱ्यांकडून ते विकत घ्यावं लागतं. म्हणून ट्यूटोरियल पडद्यावर आलं की त्याचा स्क्रीनशॉट घ्या, हे मी आग्रहाने सांगते. मोठा खंड पडला की हेच स्क्रीनशॉट तारून नेतात.

फळ कुठे मिळतं ते चेन अटॅकमध्ये, म्हणजे सगळ्या तुकडीने एकापाठोपाठ करायच्या हल्ल्यात. प्रत्येक पूर्ण झालेला ब्लेड कॉम्बो शत्रूभोवती शेवटच्या तत्त्वाचा एक गोळा सोडतो. चेन अटॅकमध्ये तो विरुद्ध तत्त्वाने फोडायचा: आगीला पाणी, वाऱ्याला बर्फ, मातीला वीज, प्रकाशाला अंधार. गोळा फुटला की आणखी एक फेरी मिळते. तीन-चार वेगवेगळे गोळे लावून मग चेन अटॅक सुरू केला तर मोठा बॉस एका झटक्यात संपतो. एकही गोळा नसताना चेन अटॅक वापरणं म्हणजे ती पट्टी फुकट घालवणं.

गॉर्मोटच्या मैदानात ८१ लेव्हलचा रॉटबार्ट नावाचा गोरिला फिरतो. तो हरवायचा नाही, त्याला लांबून वळसा घालायचा. आणि सराईत झोपून बोनस एक्सपी लेव्हलमध्ये टाकायची घाई करू नका. बाजूच्या कामांचा एक्सपी तिथे साठतो, आणि सगळा एकदम वापरला तर पुढचे बॉस पाणचट होतात, वरच्या सगळ्या गोष्टी शिकायची गरजच उरत नाही. अडलात तर मात्र हाच साठा कामी येतो.

टप्पा: ३ रा चॅप्टर संपेपर्यंत. तिथे कथाही वळण घेते आणि लढाईत नवी भर पडते.

खिसा आणि खेळ:

व्यवहाराचं थोडं. स्टीमवर पैसे परत मिळायची अट म्हणजे खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेलं. इथे ज्या खेळांची चर्चा चाललीय त्यातला एकही २ तासांत आपला खरा चेहरा दाखवत नाही. तेव्हा परताव्याच्या भरवशावर असे खेळ घेऊ नका. डेमो असेल तर तो आधी घ्या. ड्रॅगन क्वेस्ट ११ एसचा मोफत डेमो साधारण १० तासांचा आहे आणि त्याचा सेव्ह पूर्ण खेळात नेता येतो. ट्रेल्सच्या २०२५ च्या नव्या आवृत्तीच्या डेमोत पूर्ण प्रोलॉग आहे, तोही सेव्हसकट पुढे जातो.

ड्रॅगन क्वेस्ट ११ वर दोनच वाक्यं: जहाज मिळेपर्यंत तो सरळ रस्त्याने चालवतो, नंतर मोकळा सोडतो. श्रेयनामावली आली म्हणून बंद करू नका, त्यानंतरचा तिसरा अंक हाच कथेचा खरा शेवट आहे.

पर्सोना ५ रॉयलमध्ये पहिले काही तास खेळ तुमचं बोट धरून नेतो. कुठे जायचं, कधी झोपायचं तेही तोच ठरवतो. मग दिवस तुमच्या हातात येतात आणि पहिल्या पॅलेसला (शत्रूच्या मनातला किल्ला) २ मे ही मुदत मिळते. मुदतीला घाबरून लोक रोज थोडं-थोडं पॅलेस करतात, आणि संध्याकाळी करण्यासारखं काही उरत नाही. तसं करू नका. खजिन्यापर्यंतची वाट एका दिवसात पूर्ण करा, दुसऱ्या दिवशी पत्र पाठवून चोरी करा. दोन दिवस पॅलेसला, बाकी सगळे माणसांना. आडवा येतो तो एसपी, म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती. रॉयलमध्ये पॅलेसमधल्या विल सीड नावाच्या वस्तू उचलल्या की थोडा एसपी परत मिळतो, म्हणून एसपी संपत आला की मग उचला. डॉक्टर ताकेमीशी ओळख लवकर वाढवा, तिच्याकडे पुढे एसपी भरत राहणारी, अंगावर लावायची पट्टी विकत मिळते. ज्याला भेटायला जाताय त्याच्या आर्कानाचा (टॅरो पत्त्यांवरून पाडलेला गट) पर्सोना (लढाईत बोलावायची शक्ती) सोबत ठेवा, नातं लवकर वाढतं.

आता सर्वात महत्त्वाचं. रॉयलमध्ये जोडलेलं तिसरं सत्र आपोआप उघडत नाही. तीन पात्रांशी असलेल्या नात्याची पातळी महत्त्वाची: मारुकीची पातळी ९ पर्यंत १८ नोव्हेंबरच्या आत, आकेचीची ८ पर्यंत २४ नोव्हेंबरच्या आत, आणि कासुमीची ५ पर्यंत १८ डिसेंबरच्या आत नेलीच पाहिजे. मारुकी हुकला तर तो पूर्ण भाग मिळत नाही आणि खेळ तुम्हाला धड सांगतही नाही. हे कथा फोडणं नव्हे. नावं आणि तारखा कागदावर लिहून ठेवा. टप्पा म्हणाल तर पहिला पॅलेस. तो संपल्यावर आवडला नाही तर पुढचाही आवडणार नाही.

बारावं_सेकंद:

एक भर. ट्रेल्सच्या पीसी आवृत्तीत नंतरच्या अपडेटमध्ये टर्बो (खेळ वेगाने चालवायची सोय) आलाय. पायपीट आणि साध्या लढाया टर्बोत करा. संवाद मात्र टर्बोत पळवले तर वर लिहिलेल्यापैकी काहीच पदरात पडणार नाही. दमलेले असाल तर त्या दिवशी गावात जाऊ नका, रस्त्यावरचं एखादं राक्षस मारायचं काम घ्या आणि सेव्ह करून उठा.

सांजवारा:

सेपिथ विकणं बंद केलं, मंत्रही मिळाला. रेषेचं गणित कळल्यावर मेनू एकदम वाचता यायला लागला. शेवटचं विचारतो: जुनी आवृत्तीच चालू ठेवू की २०२५ ची नवी घेऊ? आणि बॉसकडून हरलो की पर्यायांमध्ये रीट्राय ऑफसेट दिसतं, ते काय?

लिबर्लचा पाहुणा:

रीट्राय ऑफसेट चालू ठेवलं तर हरल्यावर पुन्हा प्रयत्न करताना शत्रू थोडा सौम्य होतो. वापरण्यात कमीपणा नाही, पण आधी एकदा ऑर्बमेंट बदलून बघा. इथले बॉस बहुतेक वेळा चुकीच्या क्वार्ट्झमुळे अवघड होतात.

नवी आवृत्ती १९ सप्टेंबर २०२५ ला आली. कथा तीच, त्रिमितीय चित्रण. रस्त्यावर शत्रूला थेट हाणता येतं आणि हवं तेव्हा पाळीच्या लढाईत जाता येतं, त्यामुळे पायपीट पुष्कळ हलकी झालीय. अजून काहीच सुरू केलं नसतं तर मी तीच सुचवली असती. पण तुम्ही रोलेंट जवळजवळ संपवलंय, जुना सेव्ह नव्यात चालत नाही, आणि जुन्या मालिकेचे पुढचे दोन भाग पीसीवर आजच मिळतात. पहिला भाग जिथे संपतो तिथे थांबून राहणं फार जड जातं. जुनीच चालू ठेवा.

शेवटी श्रेयनामावली संपल्यावर खेळ क्लिअर डेटा सेव्ह करायला विचारतो. तिथे नाही म्हणू नका आणि चालू सेव्हवर तो लिहू नका, वेगळी जागा निवडा. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला तोच डेटा लोड करायचा असतो, तेव्हा लेव्हल पुढे जातो. कार्नेलिया किंवा एखादी राहिलेली कामगिरी आठवून मागे यायचं झालं तर शेवटच्या लढाईआधीचा सेव्हही तसाच राहू द्या.